‘मला तिथे स्विच सापडणार नाहीत’: पुनर्विकासाच्या संमतीचे एक प्रकरण

मी पुण्यातील एका मेमरी क्लिनिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. या प्रकरणातील व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि आमच्याकडून राहिलेल्या गोष्टी मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

काका ७८ वर्षांचे होते. वाणिज्य पदवीधर, एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागातून निवृत्त. कोथरूडमध्ये पौड रस्त्यालगतच्या एका सहकारी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्या आणि स्वयंपाकघराची सदनिका होती. इमारत १९८०च्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नसलेली. काका तिथे ३६ वर्षे राहत होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. थोरली मुलगी वारज्यात राहते, धाकटा मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. सकाळी स्वयंपाकाच्या मावशी येऊन पोळी-भाजी करून जात. उरलेला दिवस काका एकटेच असत आणि त्यांना तसे राहणे आवडत होते.

रोजचा जमाखर्च वहीत लिहिण्याची त्यांची सवय नोकरीच्याही आधीची. ही वही पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

अडचण

सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला होता. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार अशा ठरावासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ती मिळाली होती. आता प्रत्येक सभासदाला विकसकाबरोबर स्वतंत्र करारावर सही करायची होती, आणि काका एका बैठकीत ‘हो’ म्हणत, पुढच्या बैठकीत ‘मला कुणी काही सांगितलेच नाही’ म्हणत.

याच सुमारास दोन घटना घडल्या. देखभाल खर्चाचा धनादेश त्यांनी एकाच महिन्यात दोनदा दिला. आणि एका संध्याकाळी पौड रस्त्यावर आनंदनगर मेट्रो स्थानकाखाली उभे राहून त्यांनी एका रिक्षावाल्याला घराचा रस्ता विचारला. घर तिथून पायी दहा मिनिटांवर होते. काका म्हणाले, मेट्रोचे खांब आल्यापासून सगळा रस्ताच अनोळखी झाला आहे. हे अगदीच खोटे नव्हते. २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे महाविद्यालय मार्ग सुरू झाला तोपर्यंत त्या रस्त्याचे रूप बदललेले होते, आणि चांगली स्मरणशक्ती असलेली माणसेही तिथे वळण चुकत होती. म्हणूनच या घटनेचा अर्थ लावणे अवघड होते.

मुलीला वाटत होते की वडिलांनी सदनिका बक्षीसपत्राने आताच तिच्या नावावर करावी, म्हणजे पुढचे करार तिला करता येतील. मुलाचा याला विरोध होता. पहिल्या भेटीला मुलगी काकांना घेऊन आली ती ‘बाबा सही करण्याइतके सक्षम आहेत’ असे प्रमाणपत्र मागण्यासाठी. दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. त्याला ‘बाबा सक्षम नाहीत’ असे लिहून हवे होते. ‘ताईला घाई आहे,’ तो म्हणाला. मुलगी म्हणाली, ‘तो वर्षातून दोनदा येतो, त्याला काय दिसणार?’ दोघांचे म्हणणे त्यांच्या त्यांच्या जागेवरून खरे होते.

पहिली चाचणी आणि तिचे वाचन

पहिल्या भेटीत एमएमएसई ही स्मरण, भान, आकडेमोड अशा गोष्टी पाहणारी ३० गुणांची चाचणी घेतली. १९७५ पासून वापरात असलेली ही चाचणी दहा मिनिटांत होते, आणि बहुधा म्हणूनच तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते. काकांना २२ गुण मिळाले.

बेरजेपेक्षा तिच्यातले घटक अधिक बोलके होते. शंभरातून सात-सात वजा करत जायचे, या प्रश्नावर बहुतेक ज्येष्ठ अडखळतात. काका ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट’ असे एका दमात म्हणून गेले आणि पुढे अठ्ठावन्नला जाऊ का, असे विचारते झाले. पाचपैकी पाच. त्यानंतर मी मघाशी सांगितलेले तीन शब्द विचारले तेव्हा त्यांना एकही आठवला नाही; मुळात तीन शब्द सांगितले होते हेच त्यांना आठवत नव्हते. चाळीस वर्षे घोटलेले आकडेमोडीचे कौशल्य बहुधा उशिरा जाते आणि तोवर ते बाकीच्या पडझडीवर पांघरूण घालते. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत हेच काम भाषा करते. माणूस उत्तम बोलतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. तीन शब्दांतला ‘खुर्ची’ हा शब्द त्यांनी ‘मिरची’ असा परत म्हटला होता. मी तो चुकीचा म्हणून एक गुण कापला आणि पुढे गेले. प्रश्न नीट ऐकू आला होता का, हे विचारलेच नाही. शिवाय सबंध चाचणीभर मुलगी शेजारी बसून होती आणि प्रत्येक प्रश्नानंतर काका तिच्याकडे पाहत होते.

दुसऱ्या भेटीला मी वही मागवली. मागच्या चौदा महिन्यांची पाने पाहिली. अक्षर सुरेख, रकाने सरळ, प्रत्येक पानाखालची बेरीज बिनचूक. फक्त दुधाचे बिल काही महिन्यांत दोनदा चढवलेले, आणि एका महिन्यात निवृत्तिवेतनाची जमा लिहायची राहिलेली. चुकीच्या नोंदींची बेरीज बरोबर होती. घरी काय चालले आहे याचे इतके स्वच्छ चित्र मला कोणत्याही चाचणीतून मिळाले नसते.

कोणते पर्याय होते

मुलीला हवे तसे किंवा मुलाला हवे तसे प्रमाणपत्र देणे, हे दोन पर्याय समोर होतेच. दोन्हींत गृहीत एकच होते की सक्षमता ही दिव्यासारखी असते, एक तर पेटलेली किंवा विझलेली. कायदाही तसे मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२ पाहते ते एवढेच, की करार करताना, त्या वेळी, माणसाला तो समजत होता का आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा तो विचार करू शकत होता का. म्हणजे प्रश्न त्या वेळेचा आणि त्या कराराचा आहे.

‘अक्षम’ असे लिहून दिले असते तर कुटुंबाची आणखी अडचण झाली असती. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सोपी वाट आपल्याकडे नाही. बहुतेकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मुलाने सुचवलेला कुलमुखत्यारपत्राचा मार्ग सोपा वाटतो, पण त्याच कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता ढासळली की ते संपते. ज्या दिवसासाठी ते करायचे, नेमक्या त्याच दिवशी ते कामाचे राहत नाही. हे ऐकून दोन्ही भावंडे प्रथमच एकाच बाजूला आली, निदान काळजीपुरती.

तिसरा पर्याय थांबण्याचा होता: सुधारता येण्यासारखे जे आहे ते आधी सुधारायचे, पुन्हा तपासायचे, आणि नंतर प्रत्येक निर्णयाचा वेगळा विचार करायचा. विकसकाची मुदत चार महिन्यांची होती. आम्ही हा पर्याय निवडला.

काय केले

आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी रक्ततपासणी, श्रवणचाचणी आणि एमआरआय करून घेतले. थायरॉइड ठीक होते. बी-१२ जीवनसत्त्व १४० पिकोग्रॅमवर आले होते, म्हणजे कमी; जन्मभर शाकाहारी असलेल्या ज्येष्ठांमध्ये हे वारंवार दिसते. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचे बहिरेपण निघाले. वारंवार लघवी होते म्हणून काका ऑक्सिब्युटिनिन ही गोळी दीड वर्ष घेत होते. स्मरणासाठी मेंदूला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या कामात ही गोळी आडवी येते. ती थांबवून त्या जागी तसा परिणाम नसलेले औषध दिले, बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली आणि श्रवणयंत्र बसवले. श्रवणयंत्राला काका पंधरा दिवस नाराज होते. ‘सगळी भांडी माझ्या कानात घासतात,’ ही त्यांची तक्रार होती.

एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी रुजवणारा मेंदूचा भाग, वयाच्या मानाने थोडा अधिक आक्रसलेला दिसला. त्यामुळे सगळे काही औषध बदलून परत येणार नाही, हे आम्हाला माहीत होते.

साडेतीन महिन्यांनी, श्रवणयंत्र लावून आणि मुलीला बाहेर बसवून, पुन्हा चाचणी घेतली. २७ गुण आले. तीनपैकी एकच शब्द आठवला, म्हणजे मूळ दुखणे जागेवर होते. पण आधी गेलेल्या आठ गुणांतला बराचसा भाग कानांचा, गोळीचा आणि माझ्या घाईचा होता. निदान ‘एमसीआय’ असे झाले: वयाच्या मानाने विसर जास्त, पण रोजचे व्यवहार अजून आपले आपण.

यानंतर निर्णय सुटे केले. निर्णयक्षमता तपासताना आम्ही ॲपलबाम आणि ग्रिसो यांनी मांडलेल्या चार गोष्टी पाहतो: माहिती समजते का, ती आपल्यालाच लागू आहे हे उमगते का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि निवड सांगता येते का. सोसायटीच्या कराराचे मराठीत दोन पानी टिपण केले. काकांनी ते मोठ्याने वाचले. नवे क्षेत्रफळ, भाड्याची रक्कम, छत्तीस महिन्यांची मुदत, ती लांबल्यास काय, हे सगळे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि मुदत लांबल्यास भाडे वाढणार की तेच राहणार हा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर टिपणात नव्हते. आम्हालाही ते सोसायटीच्या कार्यालयातून आणावे लागले. एक आठवड्याने पुन्हा विचारले. तपशील विसरले होते, पण टिपण हातात दिल्यावर त्यांनी तेच उत्तर त्याच कारणांसह दिले. निर्णय लक्षात राहणे आणि निर्णय घेता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काकांना दुसरी जमत होती. करारासाठी ते सक्षम आहेत असे आम्ही लिहून दिले.

बक्षीसपत्राला त्यांनी स्वच्छ नकार दिला. ‘घर देऊन टाकल्यावर मी तिच्याकडे पाहुणा होणार,’ ते म्हणाले, आणि त्याऐवजी दोघांना समान वाटा देणारे मृत्युपत्र करून त्यांनी ते नोंदवले. बँकेच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी आम्हाला ते सक्षम वाटले नाहीत; तिथे मर्यादा घालून खाते मुलीबरोबर संयुक्त केले. हे त्यांना आवडले नाही, पण वही दाखवल्यावर त्यांनी ते मानले.

त्या मुलाखतीच्या नोंदीत एक वाक्य आहे. भाड्याच्या घरात तीन वर्षे राहावे लागेल, त्याबद्दल काय वाटते, असे मी विचारले होते. काका म्हणाले, ‘मला तिथे स्विच सापडणार नाहीत.’ मी हसले, तेही हसले. ‘स्थलांतराविषयी स्वाभाविक चिंता’ असे लिहून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

स्थलांतर

कोथरूडमध्ये एकाच वेळी इतक्या इमारती रिकाम्या होत होत्या की जवळपास भाड्याचे घर मिळेना. मुलीने वारज्यात, स्वतःच्या घरापासून पाच मिनिटांवर, एक सदनिका शोधली: पाचवा मजला, लिफ्ट, हवेशीर. नेहमीच्या निकषांवर ही निवड उत्तमच होती. सामान एका रविवारी हलले.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. काका रात्री उठून गॅलरीत लघवी करत होते. अंघोळ अर्धी टाकून बाहेर येत होते. मावशींनी वही चोरली असे ते शेजाऱ्यांना सांगत होते. दुपारी चार वाजता पिशवी घेऊन ‘घरी जातो’ म्हणत होते. डॉक्टरांनी प्रथम संसर्गाची आणि औषधांची तपासणी केली, कारण ज्येष्ठ माणूस अचानक गोंधळला तर तेच आधी पाहायचे असते. काही सापडले नाही. मी चाचणी घेतली. २५ गुण आले.

म्हणजे गुण दोनच कमी झाले होते, आणि माणूस मात्र कोलमडला होता.

याचा उलगडा व्हायला मी जुन्या घरी जाऊन आले. इमारत अजून पाडलेली नव्हती. पलंगाची जागा फरशीवरच्या डागावरून कळत होती. तिथून उठले की डावीकडे चार पावलांवर संडासाचे दार, हात सहज जाईल त्या उंचीवर बटण. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय अडकवण्याचा खिळा, त्याखाली वहीचा कोनाडा. नव्या घरात पलंगावरून डावीकडे चार पावले चालले की गॅलरीचे दार येत होते.

स्मृतीचे प्रकार वेगळे असतात आणि ते मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. १९५३ मध्ये अपस्मारासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या रुग्णाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले गेले. त्यानंतर त्याला नवे काही आठवेना. पण आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला दिले, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, जरी आपण हे आधी केले आहे हे त्याला दरवेळी नव्यानेच सांगावे लागे. हाताची, पावलांची सवय हिप्पोकॅम्पसवाचून टिकते. छत्तीस वर्षांत काकांचे निम्मे जगणे याच सवयीवर चालू लागले होते आणि घराने त्यांची विस्मृती झाकून धरली होती. नवे घर नव्याने शिकायला मात्र हिप्पोकॅम्पस लागतो. आपण कुठे आहोत याचा नकाशाही त्याच परिसरात तयार होतो. त्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ मध्ये नोबेल मिळाले. काकांचा नेमका तोच भाग आक्रसलेला होता. आणि एमएमएसईमध्ये ‘रात्री अंधारात संडास कुठे आहे’ असा प्रश्न नसतो.

निष्पत्ती

रोजची कामे रुग्णाला जमतील अशी बसवून देणाऱ्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने घर फिरवले. पलंग असा वळवला की उठल्यावर संडासाचे दार डावीकडे आले. गॅलरीच्या दारापुढे जुने कपाट उभे केले. संडासात रात्रभर दिवा ठेवला आणि दार उघडे. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय, खाली फळी, फळीवर वही. मुलीने रकाने आखून दिले. जुन्या चादरी आणि तांब्या-भांडे, जे मुलीने नव्या घरासाठी मुद्दाम बदलले होते, ते माळ्यावरून परत खाली आले.

रात्रीचा गोंधळ सहा आठवड्यांत बराच कमी झाला. संशय गेला नाही, पण वही सापडू लागल्यावर मावशींवरचा आरोप थांबला. अंघोळीला आता कुणीतरी लागते. एकटे राहणे संपले. रात्री नातू झोपायला येतो. वर्षभराने न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरचा सौम्य स्मृतिभ्रंश असे निदान करून डोनेपेझिल हे त्यावरचे औषध सुरू केले. स्थलांतर झाले नसते तरी आजार इथवर आलाच असता. त्याला किती वेळ लागला असता हे सांगता येणार नाही, पण माझ्या अंदाजाने काही महिने तरी हातचे गेले.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीच्या चुका सरळ आहेत. ऐकू येते का हे आधी पाहायला हवे होते, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून घ्यायला हवी होती, मुलीला बाहेर बसवायला हवे होते. आता आम्ही तसे करतो.

अवघड मुद्दा निर्णयाचा आहे. भावंडांनी ‘सही करण्याइतके सक्षम आहेत का’ असे विचारले आणि आम्ही चार महिने त्याचेच उत्तर नीट शोधत बसलो. ते उत्तर बरोबर होते, आजही मी तेच देईन. पण ठराव बहुमताने झालेला होता. काकांनी सही केली काय किंवा नाही काय, इमारत पडणार होती आणि त्यांना घर सोडावे लागणार होते. खरा निवडीचा भाग कोणत्या घरात, केव्हा आणि कसे जायचे हा होता, आणि त्यावर ना आम्ही वेळ दिला ना कुटुंबाने. त्या चार महिन्यांत घर आधी घेऊन आठवड्यातून दोन-तीन दुपारी काकांना तिथे बसवता आले असते. लिफ्ट आणि हवा यांच्याऐवजी खोल्यांची मांडणी जुळते का हे पाहता आले असते. जुन्या घराची छायाचित्रे आणि मापे सामान हलण्याआधी घेता आली असती. मी ती नंतर फरशीवरच्या डागांवरून घेतली. हवेशीर घर निवडले म्हणून मुलगी अजून स्वतःला दोष देते. तिला दोष देण्याचे कारण नाही. घर पाहायला जाण्याआधी काय पाहायचे हे तिला आम्ही सांगायला हवे होते.

आणि काकांनी ते सांगितले होते. मी ते विनोद म्हणून ऐकले. आता मुलाखतीच्या नमुन्यात आम्ही एक जागा वाढवली आहे: घरी जाऊन, रुग्णाला नेहमीच्या कामांतून फिरताना पाहून, तो कोणत्या वस्तूंवर विसंबतो त्याची नोंद. याला दीड तास लागतो आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आम्हाला तो काढता येत नाही.

दुसरे स्थलांतर अजून व्हायचे आहे. नव्या इमारतीचा आराखडा आला, तेव्हा मुलगी तो घेऊन क्लिनिकमध्ये आली. विकसकाने संडास पलंगाच्या उजव्या भिंतीला दाखवला आहे. आतली भिंत अजून उभी राहिलेली नाही, त्यामुळे दार कोणत्या बाजूला काढायचे यावर त्यांच्या वास्तुविशारदाशी बोलणे चालू आहे.